लेणे आईचे, नाव मुलाचे

नाशिकच्या पांडवलेण्यांतले ३ क्रमांकाचे लेणे ‘गौतमीपुत्र विहार’ या नावाने ओळखले जाते. पुस्तकांत तेच नाव, वाटाड्यांच्या तोंडीही तेच. पण हे लेणे पुरे करवून भद्रायणीय भिक्षूंच्या संघाला ज्या व्यक्तीने दिले तिचे नाव गौतमीपुत्र नव्हे. तिचे नाव गौतमी बलश्री, गौतमीपुत्राची आई. तिने ते दडवून ठेवलेले नाही. लेण्याच्या ओसरीतल्या भिंतीवर ११ ओळींचा लेख आहे. नातू वाशिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राजवटीच्या १९व्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पंधरवड्यात, १३व्या दिवशी त्रिरश्मी डोंगराच्या माथ्यावर आपण हे लेणे दिले, असे ती त्यात सांगते. दिवसासकट नोंद आहे, आणि तरीही नाव मुलाचे चालते.

या लेखाचा बराचसा भाग मुलाच्या पराक्रमाने भरलेला आहे. क्षहरातांचा उच्छेद, असिक-अश्मक-मूलकापासून विदर्भ-अपरांतापर्यंतच्या प्रदेशांची नामावळी, तीन समुद्रांचे पाणी प्यालेले त्याचे घोडे: हा सगळा तपशील शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचला तो याच भिंतीवरून. या एका लेखावाचून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा इतिहास लिहिताच येत नाही. म्हणजे आईने लेणे दिले आणि मुलाचे चरित्रही लिहवून ठेवले. आपण दोन्ही गोष्टी मुलाच्या नावावर मांडल्या.

स्वतःविषयी ती थोडक्यात बोलते. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली; तप, संयम आणि उपवास यांना वाहून घेतलेली; राजर्षीची वधू या पदाला साजेल असे वागणारी. महाराजाची आई आणि महाराजाची आजी. नवऱ्याचे नाव लेखात येत नाही. याच लेण्यात मुलाच्या २४व्या वर्षाचा एक हुकूमही कोरलेला आहे. तो गोवर्धनचा अमात्य श्यामक याला उद्देशून आहे, आणि तो एकट्या राजाच्या नावाने निघालेला नाही. राजा आणि राजमाता, दोघांच्या नावाने निघालेला आहे. हुकमाचा विषय अगदी व्यवहारी. भिक्षूंना कखडी गावी शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. दिलेले दान पुढे उपयोगी पडते की नाही, हे पाहणाऱ्या दोघांत ही आई होती. लेण्याचे काम मुलाच्या हयातीत सुरू झाले असेल, आणि त्याचे नाव तेथे असण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती आईचे नाव पुसले गेले याला.

अशा बाईला मराठीत काय म्हणावे? ‘आश्रयदात्री’ हा शब्द आहे आणि तो व्याकरणाने चोख आहे. दातृ शब्दाचे स्त्रीरूप दात्री, म्हणून आश्रयदात्री. इतिहासाच्या ग्रंथात एखाद्या राणीविषयी तो भेटतो. त्याबाहेर तो फारसा कुणाच्या तोंडी नाही. ग्रंथालयाच्या, नाट्यमंडळाच्या, शिक्षणसंस्थेच्या अहवालात सभासदांचे वर्ग छापलेले असतात: आश्रयदाते, हितचिंतक, तहहयात, साधारण. ‘आश्रयदाते’ या मथळ्याखाली बायकांची नावे असतात, पण मथळा बदलत नाही. अनेकवचनी पुल्लिंगात सगळे येतात, हे आम्हाला मान्य आहे. भाषेची ती रीत आहे. मात्र ‘आश्रय’ आणि ‘स्त्री’ हे दोन शब्द शेजारी आले की मराठी कानाला पहिल्यांदा काय ऐकू येते, हे तपासून पाहावे. आश्रय देणारी ऐकू येत नाही; आश्रय घेणारी ऐकू येते. महिलाश्रम, अबलाश्रम, अनाथ बालिकाश्रम. शंभर-सव्वाशे वर्षांच्या सामाजिक कामातून ही जोडी घट्ट बसली. ते काम थोरच होते, पण त्यातून आलेल्या शब्दांनी बाईला कायम घेणाऱ्या बाजूला बसवले.

खुद्द त्या आश्रमांचा इतिहासही तसा नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. त्याच आश्रमात आलेल्या पार्वतीबाई आठवले या विधवा बाईंनी पुढे संस्थेसाठी गावोगाव वर्गणी जमवली आणि १९१८ मध्ये त्या निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. इंग्रजीचा सराव नसताना गेल्या. आश्रयाला आलेली बाई आश्रम चालवण्याचा पैसा उभा करते, याला आश्रयदात्री नाही म्हणायचे तर दुसरे काय म्हणायचे? तरी त्यांचा उल्लेख ‘कर्व्यांच्या सहकारी’ एवढ्यावर आटोपतो.

जुन्या शब्दांत ‘यजमान’ आहे. यज्ञ करणारा, त्याचा खर्च सोसणारा, दक्षिणा देणारा तो यजमान. पुढे पाहुण्यांचे स्वागत करणारा तो यजमान झाला, आणि घरोघरी ‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा झाला. यजमानीण मात्र कधीच यज्ञाचा खर्च सोसणारी नव्हती. ती यजमानाची बायको. ‘ईण’ प्रत्ययाचे काम बहुतेक ठिकाणी असेच आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, देशमुखीण देशमुखाची, सावकारीण सावकाराची. मास्तरीण आणि डॉक्टरीण या शब्दांनी मात्र अर्थ पालटला. पूर्वी मास्तरांची बायको मास्तरीण होती. बायका स्वतः शाळेत शिकवू लागल्यावर शिकवणारी ती मास्तरीण झाली. बाई काम करू लागली की शब्द तिच्यामागून सरकतो, याचा हा पुरावा आहे. मग दान देणाऱ्या बायका दोन हजार वर्षे असताना यजमानीण जागची का हलली नाही? बाई देत होती, पण नोंद दुसऱ्याच्या नावावर होत होती, हेच त्याचे कारण आम्हाला दिसते.

हा वाद आपल्या परंपरेत फार जुना आहे. ‘पत्नी’ हा शब्दच पाणिनीने यज्ञाशी जोडून सिद्ध केला. यज्ञात जिचा सहभाग ती पत्नी. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात प्रश्न येतो की यज्ञाचा अधिकार स्त्रीला आहे का. ऐतिशायनाचे मत असे की वेदवाक्यात शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून अधिकार पुरुषाचा. जैमिनी बादरायणाच्या मताचा आधार घेऊन ते खोडून काढतो: तेथे लिंग सांगण्याचा हेतू नाही, स्वर्ग हवा असणारे कुणीही त्यात येते. मग दुसरा आक्षेप पुढे होतो. यज्ञाला द्रव्य लागते आणि स्त्रीजवळ स्वतःचे द्रव्य कुठे असते? त्यालाही उत्तर मिळते की असते, स्त्रीला धनाची मालकी आहे. शेवटी निर्णय असा होतो की नवरा-बायकोने कर्म मिळून करावे. आज जे ‘आश्रयदाते म्हटले की बायकाही आल्याच’ असे म्हणतात ते नकळत जैमिनीच्या बाजूला उभे असतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण दोन्ही आक्षेप एकापाठोपाठ आले आहेत, हे विसरू नये. आधी शब्दाचे लिंग, लगेच पैशाची मालकी. शब्दावर थांबून भागत नाही. पैसा कुणाचा, हे विचारावेच लागते.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिकेने याचे उत्तर दगडावर कोरले. सातवाहन राजा श्री सातकर्णीची ती राणी, महारठी घराण्यातली मुलगी. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्याच्या भिंतींवर यज्ञांची यादी आहे, अश्वमेधही त्यात आहे, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही या यादीत सापडतात; गणिताचे अभ्यासक नाणेघाटाचे नाव घेतात ते त्यामुळे. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, व्रते-दीक्षा-यज्ञ यांत निपुण, असे तिचे वर्णन आहे. यज्ञ तिने एकटीने केले की नवऱ्यासह, यावर विद्वानांनी खूप शाई खर्च केली. स्त्रीला एकटीने यज्ञ करता येत नाही हा नियम आधी गृहीत धरून लेख वाचला गेला, असे त्या चर्चेतून वारंवार जाणवते. आम्हाला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की दक्षिणेचा हिशेब या राणीच्या चरित्राशी जोडून मांडला गेला आहे. त्याच लेण्यात राजघराण्याच्या व्यक्तींचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव होते. पुतळे आता फुटून गेले, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. ‘देवी नायनिका’ हे नाव मात्र शिल्लक आहे.

राणी म्हटले की कुणी म्हणेल, तिजोरी हाताशी होती. मग राणी नसलेल्यांकडे पाहू. पांडवलेण्यांतच, अभीर राजा ईश्वरसेन याच्या ९व्या वर्षाच्या लेखात विष्णुदत्ता नावाची शक बाई भेटते. शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई, आणि स्वतः उपासिका. तिने डोंगरावर राहणाऱ्या, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी अक्षयनीवी केली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजावर काम चालवायचे. गोवर्धन नगरातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे तिने पैसा ठेवला: कुलरिकांच्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, जलयंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २,०००, शिवाय तेल गाळणाऱ्यांकडेही रक्कम. एकाच ठिकाणी सगळा पैसा ठेवला नाही. आज एखादी बाई रुग्णांच्या औषधपाण्यासाठी बँकांत कायम ठेव करून विश्वस्त नेमते, तेच काम. जिथे गरज आहे ते ओळखले, पैसा सुरक्षित राहील अशी व्यवस्था केली, आणि सगळे लिहून ठेवले. दातृत्व याहून वेगळे नसते.

१० क्रमांकाचे लेणे ‘नहपान विहार’ म्हणून ओळखले जाते. नहपान क्षत्रपाची मुलगी दक्षमित्रा, ऋषभदत्ताची बायको, हिने तेथे एक खोली दिली. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे. आपल्या देवळांतली ‘ओवरी’ ती हीच. लेणे बापाच्या नावाने, मोठ्या दानांचे कौतुक नवऱ्याचे, आणि तिची ओवरी तिच्या नावाची पाटी दारावर घेऊन उभी आहे. १८ क्रमांकाचे चैत्यगृह पूर्णत्वाला नेले ते भट्टपालिकेने. राजाच्या अमात्याची ती मुलगी आणि भांडागारिक अमात्याची बायको. बेडशाच्या लेण्यांत पाण्याचे टाके खोदवणारी सामडिनिका स्वतःला महाभोजाची मुलगी आणि ‘महारठिनी’ म्हणवते. कान्हेरीला धम्मपाल थेरांचा स्तूप उभारणारी शिवपालितनिका एका हेरणिकाची, म्हणजे पैशाच्या व्यवहारातल्या माणसाची बायको. कार्ल्याला दानाच्या नोंदींत भिक्षुणीही आहेत.

या सगळ्या बायका मुलगी, बायको, आई अशाच ओळखीने येतात हे खरे. महारठिनी हाही ‘ईण’च्याच घरचा शब्द. पण पुरुषही तेथे अमक्याचा मुलगा म्हणूनच येतात, आणि राजे तर आईच्या नावाने येतात: गौतमीचा पुत्र, वाशिष्ठीचा पुत्र. नाते सांगून झाले की पुढे बाईचे स्वतःचे नाव येते, बऱ्याच ठिकाणी त्याला षष्ठीचा प्रत्यय लागतो, आणि शेवटी ‘देयधम’, म्हणजे दान. दक्षमित्रेचे देयधम. दान कुणाचे, या प्रश्नाला वाक्यात एकच उत्तर आहे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला, तेव्हा काहींना ते परके वाटले. पण या मातीतल्या जुन्या लेखी राजनावांत आई आहे.

पाली वाङ्मयात याला नेमका शब्द होता: दायिका. बुद्धाने आपल्या अनुयायांत कोण कशात श्रेष्ठ हे सांगितले, त्यात दायकांमध्ये अनाथपिंडिक आणि दायिकांमध्ये विशाखा मिगारमाता. श्रावस्तीचा पूर्वाराम विहार विशाखेने बांधून दिला. दोन स्वतंत्र नोंदी आहेत; विशाखेला अनाथपिंडिकाच्या मथळ्याखाली घातलेले नाही. दायिका हा शब्द मराठीत आला नाही. त्याच कुळातला ‘उपासिका’ मात्र १९५६च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात परत आला आणि आज विहाराविहारांत जिवंत आहे. वर्षावासात भोजनदान कोणत्या उपासिकेकडून आहे, विहाराच्या बांधकामाला कोणत्या उपासिकेने किती दान दिले, हे सभेत तिचे नाव घेऊन सांगितले जाते. घरकाम करून, मजुरी करून साठवलेला पैसा असतो तो. पांडवलेण्यांच्या भिंतीवरचा शब्द मुंबईच्या वस्तीत त्याच अर्थाने चालतो, याचे मोल भाषेच्या अभ्यासकांनी अजून पुरेसे ओळखलेले नाही.

मधल्या काळात बाईच्या स्वतंत्र पैशाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होळकरांच्या घरात आहे. अहिल्याबाईंच्या दानधर्माविषयी आपण भक्तीने बोलतो. काशी विश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, घाट, धर्मशाळा, विहिरी. हा पैसा कोठून आला हे फार थोडे जण सांगतात. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ‘खासगी’ म्हणून वेगळी जहागीर दिली. दौलतीचा खजिना वेगळा, खासगीचा वेगळा. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरचा तो दानधर्म मुख्यतः या खासगीतून झाला. सासूच्या नावाची जहागीर सुनेकडे गेली आणि तिच्या हातून देवळे-घाट उभे राहिले. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या उभारणीत सासू-सून दोघींचा वाटा आहे, तरी गौतमाबाईंचे नाव घेणारा क्वचितच भेटतो. अहिल्याबाई पुण्यश्लोक आहेतच. त्याचबरोबर त्या स्वतःच्या पैशाचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या मालकीण होत्या. पहिले सांगताना दुसरे गाळले की त्यांचे कर्तृत्व नुसत्या सात्त्विकपणात विरघळते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे सावकारी व्यवहारात मुरलेल्या होत्या. काशीच्या ज्ञानवापीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनी १८२८ साली बांधवला. पुन्हा तीच गोष्ट: हातात स्वतःचा पैसा, आणि तो कुठे लावायचा हा स्वतःचा निर्णय.

मुंबईत माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. होडीने पार व्हावे लागे आणि पावसाळ्यात माणसे बुडत. सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा १ लाख ५७ हजार रुपये एका बाईने दिले, आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जकात घ्यायची नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. त्या बाईचे नाव अवाबाई. तिचे यजमान जमशेटजी जीजीभाई यांना १८४२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, म्हणून ती ‘लेडी जमशेटजी’ झाली, आणि दादर-माहीमच्या मुख्य रस्त्याला तेच नाव लागले. आता तर त्याची आद्याक्षरे उरली आहेत. एल. जे. रोडवर राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, रोज बसने जाणाऱ्या लाखो माणसांच्या तोंडी एका दात्रीची आठवण आहे, आणि तिच्यात अवाबाईंच्या नावाचे एक अक्षरही नाही. एल म्हणजे नवऱ्याच्या पदवीमुळे मिळालेली उपाधी, जे म्हणजे नवऱ्याचे नाव.

ही त्या काळाची अपरिहार्य रीत होती असेही नाही. त्याच शतकात अवाबाईंच्याच पारशी समाजातल्या मोटलीबाई वाडिया यांनी प्रसूतिगृहासाठी पैसा दिला आणि ते ‘बाई मोटलीबाई’ रुग्णालय झाले. स्वतःचे नाव, आधी फक्त आदराचे ‘बाई’. याच्या उलट श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे नाव. पदव्यांवर, फाटकांवर, परीक्षेच्या कागदांवर ते सर्वत्र आहे. पण १९२० मध्ये १५ लाखांची देणगी त्यांचे चिरंजीव सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ दिली. मुलाने आईचे नाव लावले ही सुंदर गोष्ट आहे. पण पाटीवर बाईचे नाव दिसले की तीच देणारी, आणि नाव नसले की ती देणारी नव्हेच, ही समजूत किती फसवी आहे, हे माहीमचा रस्ता आणि हे विद्यापीठ एकत्र पाहिले की समजते. स्मरण आणि दान या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि पाटीवर त्या वेगळ्याच लिहायला हव्यात.

आजची स्थिती काय आहे, हे कोणत्याही देवळाच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या संगमरवरी फरशीवर वाचता येते. वर मोठ्या अक्षरात कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. खाली बारीक अक्षरात सौ. किंवा श्रीमती अमुक यांजकडून. आयुष्यभर शिक्षिकेची, परिचारिकेची नोकरी करून निवृत्तीच्या पैशातून वाचनालयाला खोली बांधून देणाऱ्या बायका आहेत. त्यांना स्मरण ठेवायचे असेल तर ते त्यांनी ठेवावेच. तो त्यांच्या मनाचा प्रश्न आहे. पण देणारीचे नाव बारीक का? पावतीच्या बाबतीत तर आणखी अडचण आहे. पैसे बाईच्या खात्यातले, निर्णय तिचा, आणि करसवलतीची ८०-जीची पावती नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पॅन क्रमांकावर, कारण कर त्याला जास्त बसतो. घरात कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. पण संस्थेच्या दप्तरात आश्रयदाता म्हणून तो चढतो. वीस वर्षांनी संस्थेचा इतिहास लिहिणारा दप्तर उघडतो तेव्हा ती बाई तेथे नसते. गौतमी बलश्रीच्या बाबतीत निदान भिंत साक्षीला होती.

म्हणून आमचे म्हणणे असे. पहिले काम दप्तराचे. ज्याच्या वा जिच्या खात्यातून पैसा आला, पावती आणि नोंद त्याच नावाने करावी. स्मरणार्थ काही लिहायचे तर त्याचा रकाना निराळा ठेवावा. आश्रयदात्री हा शब्द तेथे वापरावा. जड वाटत असेल तर सरळ ‘देणगीदार’ म्हणावे, त्याला लिंग नाही. पण नाव बाईचे, पूर्ण आणि तिचे तिला हवे तसे. लग्नापूर्वीचे आडनाव तिला ठेवायचे असेल तर तेही.

दुसरे काम पाट्यांचे. नाशिकला सिंहस्थ तोंडावर आहे. शहरभर मार्गदर्शक फलक नव्याने लागतील आणि पांडवलेण्यांकडेही भाविकांची, पर्यटकांची रीघ लागेल. पुरातत्त्व खात्याने ३ क्रमांकाच्या लेण्यापुढे ‘गौतमी बलश्रीचे लेणे’ असे लिहावे आणि खाली पुळुमावीचे १९वे वर्ष द्यावे. मुलाचे नाव त्याखाली येऊ द्यावे. १० क्रमांकाला दक्षमित्रेच्या ओवरीकडे बाण दाखवावा, १८ला भट्टपालिकेचे नाव घालावे, आणि विष्णुदत्तेच्या औषधनिधीचा मजकूर मराठीत, सामान्य माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात लावावा. मुंबई महापालिकेने एल. जे. रोडचे नाव बदलू नये, पण माहीमच्या टोकाला एक फलक उभारून त्यावर अवाबाई हे नाव, रक्कम, १८४५ हे साल आणि जकातमाफीची अट एवढे लिहावे. नाशिक आणि मुंबईच्या वाचकांनी या दोन्ही मागण्या आपापल्या ठिकाणी लेखी द्याव्यात, आणि पोच घ्यावी.